स्ट्रेस टेस्टमध्ये पास, ब्राउझर उघडताच फ्रीज: ओव्हरक्लॉक केलेला लॅपटॉप कसा सावरावा

ओव्हरक्लॉकनंतर, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवल्यावर, लॅपटॉप बंद पडू लागला की सर्रास सल्ला मिळतो, ‘व्होल्टेज थोडं वाढवा’. लॅपटॉपवर हे करू नका. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२० व्होल्टचे १.३० केलेत, तर त्याच वेगाला सुमारे १७ टक्के जास्त उष्णता बाहेर काढावी लागते, आणि लॅपटॉपच्या कूलिंगमध्ये तेवढी जागा नसतेच.

आधी सगळं मूळ सेटिंगवर आणा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून घ्या, मगच बायोस (मशीनची मूळ सेटिंग ठेवणारा प्रोग्राम) रिसेट करा. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. वेग आणि व्होल्टेज बदलणारा थ्रॉटलस्टॉप हा प्रोग्राम लॉगिनलाच सुरू होऊन मशीन पाडत असेल, तर सेफ मोडमध्ये जाऊन त्याची आयएनआय फाइल (सेटिंगची फाइल) उडवा. मूळ सेटिंगवर दोन दिवस नेहमीचं काम करा. तरीही क्रॅश आला तर दोष ओव्हरक्लॉकचा नाही. रॅम मेमटेस्ट८६ने तपासा, एसएसडी बघा.

वेग ८०० मेगाहर्ट्झवर अडकणं हा वेगळा आजार आहे. ते थ्रॉटलिंग, म्हणजे चिपने स्वतःला सावरायला वेग मुद्दाम कमी करणं. चार्जर, पंखे आणि थर्मल पेस्ट बघा, मल्टिप्लायरला (१०० मेगाहर्ट्झला ज्याने गुणून कोअरचा वेग ठरतो त्या आकड्याला) हात लावू नका.

आता खरी अडचण. प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारी प्राइम९५ ही टेस्ट दोन तास चालते, तापमान ठीक असतं आणि नंतर साधं वेबपेज उघडताना स्क्रीन गोठते. कारण त्या टेस्टने तुमचा ओव्हरक्लॉक तपासलेलाच नसतो! २०१८चा कोअर आय९-८९५०एचके घ्या: ६ कोअर, मूळ वेग २.९ गिगाहर्ट्झ, कमाल ४.८, टीडीपी (सतत वापरायच्या विजेची ठरलेली मर्यादा) ४५ वॅट. सहाही कोअरवर प्राइम९५ टाकलं की ४५ वॅट पुरत नाहीत आणि चिप स्वतःहून ३ गिगाहर्ट्झच्या आसपास उतरते. वरचे मल्टिप्लायर वापरले जातात ते एक-दोन कोअर क्षणभर जागे होतात तेव्हा, म्हणजे नेमकं वेबपेज उघडताना. ‘स्ट्रेस टेस्ट पास म्हणजे स्टेबल’ हे वाक्य लॅपटॉपपुरतं विसरून जा.

त्यात अंडरव्होल्टचा ऑफसेट, म्हणजे चिपच्या व्होल्टेजमधून सरसकट वजा केलेला आकडा, असेल तर आणखी एक गोम आहे. उणे १०० मिलिव्होल्ट म्हणजे १.२५ व्होल्टवर आठ टक्के कपात, पण शांत पडलेल्या चिपच्या ०.७ व्होल्टवर तीच चौदा टक्के होते. त्यामुळे काही मशीन लोडखाली उत्तम चालतात आणि रिकामी ठेवली की पडतात.

म्हणून टेस्ट एकेका कोअरवर करा. कोअरसायकलर ही स्क्रिप्ट प्राइम९५ आळीपाळीने प्रत्येक कोअरवर चालवते. एसएसई मोड निवडा. एव्हीएक्स या जास्त जड गणिताच्या मोडमध्ये उष्णता वाढून वेग परत खाली येतो. प्रत्येक कोअरला किमान दहा मिनिटं द्या आणि शेजारी वेग आणि तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो उघडा ठेवा. तुम्ही लावलेला वरचा मल्टिप्लायर तिथे दिसत नसेल तर ती टेस्ट मोजू नका. निळी स्क्रीन येईलच असं नाही. ‘राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४’ असा मेसेज आला, म्हणजे त्या कोअरचं गणित चुकलं.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या सिस्टिम लॉगमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी शोधा. इव्हेंट १९ म्हणजे चूक झाली आणि दुरुस्तही झाली. क्रॅश नसला तरी ही नोंद सोडून देऊ नका. नोंदीतल्या एपीआयसी आयडीवरून कोअर कळतो. आय९-८९५०एचकेवर हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन कामं एकदम चालवणं) चालू असताना प्रत्येक कोअरला शून्यापासून मोजलेले दोन आयडी असतात, म्हणजे ६ किंवा ७ दिसला तर चौथा कोअर.

दुरुस्ती एका वेळी एकच. लोडखाली ठीक पण रिकामं असताना पडतं? ऑफसेट १० मिलिव्होल्टने शून्याकडे आणा. एकेरी कोअरच्या टेस्टमध्ये पडतं? एक आणि दोन कोअरचे मल्टिप्लायर एकने उतरवा. शंभर मेगाहर्ट्झ गेल्याचं रोजच्या कामात जाणवणारही नाही. दोन्ही एकदम बदललेत तर कशाने सुधारलं ते कधीच कळणार नाही. प्रत्येक बदलानंतर टेस्ट पुन्हा, मग दहा-दहा सेकंदांनी लोड चालू-बंद, चार-पाच वेळा स्लीपमधून उठवणं, आणि एक रात्र मशीन चालू पण रिकामं.

स्थिर झाल्यावर एसएफसी स्कॅन (विंडोजची स्वतःची फाइल-तपासणी) एकदा चालवाच, क्रॅशमध्ये विंडोजच्या फाइल खराब होऊ शकतात. आणि पुढे कधी बायोस अपडेटनंतर तापमान अचानक चढलं, तर थ्रॉटलस्टॉपमध्ये ऑफसेट बघा. डिसेंबर २०१९मध्ये प्लंडरव्होल्ट ही व्होल्टेज कमी करून हल्ला करता येणारी सुरक्षा त्रुटी जाहीर झाल्यावर अनेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये व्होल्टेज बदलणं लॉक झालं. अशा वेळी थ्रॉटलस्टॉपमध्ये तुमचे उणे आकडे लिहिलेले दिसतात, पण प्रत्यक्षात लागू झालेला ऑफसेट शून्य असतो.