फ्रीझर पुरेसा गार होत नाही? ‘गॅस गेला’ म्हणण्याआधी या चुका टाळा

डब्यातलं आइस्क्रीम पातळ व्हायला लागलं, मटारची पिशवी उचलल्यावर दाणे खुळखुळण्याऐवजी ओलसर गोळा हाताला लागला, की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “गॅस गेला वाटतं.” फोन होतो, मेकॅनिक येतो, मागे कॉम्प्रेसरला हात लावून बघतो आणि गॅस भरायचा आकडा सांगतो. पुण्यातल्या कितीतरी घरांत फ्रीजची दुरुस्ती इथूनच सुरू होते आणि खिशाला सगळ्यात जड पडणारी चूकही हीच. फ्रीजमधला गॅस वापरून संपत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार. शिवाय फ्रीझर ढिला पडण्याची बरीचशी कारणं गॅसच्या नळीपर्यंत पोचतच नाहीत. ती दारात, भिंतीशी आणि आपण आत काय, कसं कोंबतो यात असतात.

न मोजता निदान करणं

घरातल्या फ्रीझरचं तापमान उणे १८ अंश सेल्सिअस असावं आणि खालच्या कप्प्याचं ४ अंश किंवा त्याहून कमी. हे हाताला कळत नाही. बर्फाचा ट्रे जमतोय म्हणजे फ्रीझर ठीक आहे, असं बरेच जण धरून चालतात. पण पाणी ० अंशालाच गोठतं, त्यामुळे उणे ६ अंशांच्या फ्रीझरमध्येही बर्फ छान जमतो आणि मासे मात्र हळूहळू खराब होत राहतात. आइस्क्रीम जास्त खरं बोलतं. साखरेमुळे ते पूर्ण कडक व्हायला खूप जास्त थंडी लागते, म्हणून बिघाडाची चाहूल तिथे आधी लागते.

वायरच्या टोकाला सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. सेन्सर दोन गोठलेल्या पाकिटांच्या मधे ठेवा, दारात किंवा हवेत लोंबकळत नको. एक दिवस जाऊ द्या आणि सकाळी फ्रीज उघडायच्या आधी आकडा बघा. खालच्या कप्प्यासाठी पाण्याच्या पेल्यात सेन्सर बुडवून तसंच करा. हे दोन आकडे हातात असले की मेकॅनिकशी होणारं बोलणंच बदलतं.

इथे चांदण्यांचा एक घोळ नेहमी होतो. दारावरच्या स्टिकरवरचे बीईईचे (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे) स्टार विजेच्या वापराचे आहेत, थंडीचे नाहीत. फ्रीझरच्या कप्प्याच्या चांदण्या वेगळ्या: एक म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. आत छोटी खोकी असलेला जुना सिंगल डोअर फ्रीज मुळातच उणे १८ साठी बनवलेला नसू शकतो. त्यात सहा महिने सुरमई साठवायची अपेक्षा धरली, तर कितीही दुरुस्त्या करा, समाधान होणार नाही.

ड्राय बाल्कनीतला फ्रीज

पुण्याच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर लहान पडलं की फ्रीज ड्राय बाल्कनीत जातो. एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला भिंत, मागे रिकाम्या डब्यांची चळत आणि वरून पश्चिमेचं ऊन. फ्रीज थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बाहेर टाकायला जागाच नसेल तर बिचारा कॉम्प्रेसर दिवसभर धापा टाकतो आणि आत उणे १८ च्या जागी उणे १० राहतं. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा हे हमखास घडतं.

जुन्या फ्रीजच्या मागे काळी जाळी असते. तिच्यावर धूळ आणि फोडणीचा तेलकट थर साचतो. प्लग काढून मऊ ब्रशने ती साफ करा. नव्या फ्रीजमध्ये उष्णता बाहेर टाकणारी ही नळी बाजूच्या पत्र्याच्या आत असते, म्हणून बाजू कोमट लागतात. तो बिघाड नाही. पण त्याच बाजूंना कपाट चिकटवलं किंवा फ्रीजवर जाड कापड पांघरलं, तर आपणच उष्णता कोंडतो. मागे आणि दोन्ही बाजूंना चार बोटं मोकळी ठेवा, वर त्याहून जास्त. फ्रीजच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत हवामानाचा वर्गही लिहिलेला असतो: ‘एन’ ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ ३८ पर्यंत, ‘टी’ ४३ पर्यंत. बाल्कनीत ठेवायचाच असेल तर ‘टी’ बघून घ्यावा.

आता उलटी गोष्ट, जी फार थोड्यांच्या लक्षात येते. या तिन्ही वर्गांची खालची मर्यादा १६ अंश आहे. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची रात्र अनेकदा १० अंशांच्या खाली उतरते आणि जाळीच्या बाल्कनीत ती थंडी थेट आत येते. बऱ्याच फ्रीजमध्ये एकच थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा भाग असतो, आणि तो खालच्या कप्प्यात. बाहेरच गारठा असल्याने खालचा कप्पा आपोआप गार राहतो, थर्मोस्टॅटला वाटतं काम झालं, कॉम्प्रेसर तासन्‌तास सुरूच होत नाही आणि वरचा फ्रीझर सैल पडतो. ऐन थंडीत आइस्क्रीम मऊ होतं ते यामुळे. अशा वेळी लोक ‘हिवाळा आहे’ म्हणून नॉब आणखी कमी करतात, म्हणजे दुखणं वाढवतात. उपाय म्हणजे फ्रीज घरात घ्या. ते शक्य नसेल तर नॉब थोडा वाढवा, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालेल.

मटार, आमरस आणि एकदम भरणा

जानेवारीत मंडईत मटार स्वस्त झाला की पाच-पाच किलो सोलून, वाफवून, एका रात्रीत फ्रीझरमध्ये जातो. मे महिन्यात तेच आमरसाचं. दुसऱ्या दिवशी फ्रीझर गार नाही म्हणून तक्रार. यात फ्रीझरचा दोष नाही. १ किलो पाणी ३० अंशांवरून ० वर आणायला साधारण १२६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. त्याच ० अंशाच्या पाण्याचा ० अंशाचा बर्फ करायला आणखी ३३४. म्हणजे गार करण्यापेक्षा गोठवण्याचं काम अडीचपटीहून मोठं, आणि मटारमध्ये तीन चतुर्थांश पाणीच आहे. एवढी उष्णता एकदम आत सारली की आधीच गोठलेल्या गोष्टीही वितळू लागतात.

वाफवलेला मटार बर्फाच्या पाण्यात गार करा, कापडावर कोरडा करा आणि पिशव्या पातळ, सपाट पसरून भरा. दिवसाला एक-दीड किलोच नवा माल ठेवा. आमरसही उभ्या डब्याऐवजी पसरट पिशवीत भरा, मधला भाग लवकर गोठतो. खोवलेल्या नारळालाही हेच लागू.

डबल डोअर फ्रॉस्ट फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रीझरमध्ये थंडी पंख्याच्या वाऱ्याने फिरते. मागच्या पॅनेलवरच्या फटींसमोर पाकिटं रचली की पुढचा भाग कोमट राहतो. तिथे हवेला वाट हवी. सिंगल डोअरमध्ये उलट, फ्रीझरची भिंतच गार असते, तिला पाकीट टेकलेलं चांगलं.

नॉबबद्दलही एक गैरसमज आहे. बऱ्याच डबल डोअर फ्रीजमध्ये दोन नॉब असतात. त्यातला एक थर्मोस्टॅटचा आणि दुसरा फक्त वरची हवा खाली किती सोडायची हे ठरवणाऱ्या झडपेचा. दोन्ही ‘जास्तीत जास्त’वर फिरवले की एक भाग गोठतो आणि दुसरा गरम पडतो. दोन्ही मधोमध ठेवा, एक दिवस थांबा, मग मोजा.

दाराचं रबर

फ्रीझरच्या दारात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज निघाला तर तिथून हवा जातेय. चारही बाजूंनी, विशेषतः बिजागरीकडच्या कोपऱ्यात बघा. पुष्कळदा रबर फाटलेलं नसतंच, चिकट झालेलं असतं. कोमट साबणाच्या पाण्याने घडीच्या आतपर्यंत पुसा. वाकलेलं असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं थोडा वेळ धरून हाताने सरळ करा. पावसाळ्यात ही फट जास्त नडते. दमट हवा आत शिरते आणि तिचं बाष्प बर्फ होऊन बसतं. फ्रीजचे पुढचे पाय किंचित उंच ठेवा, म्हणजे दार आपल्या वजनाने मिटेल.

आतला दिवा दार लावल्यावर विझतो का, हे मोबाइलवर व्हिडिओ चालू करून, मोबाइल आत ठेवून मिनिटभर दार बंद केलं की दिसतं. न विझणारा दिवा आतच उष्णता सोडत राहतो. फ्रॉस्ट फ्रीमध्ये बऱ्याचदा दाराच्या बटणावरच पंखा चालतो. दार उघडं असताना ते बटण बोटाने दाबून बघा, पंख्याचा आवाज यायला हवा. दाबल्याबरोबर आला नाही तर थोडं थांबून पुन्हा बघा, कारण बर्फ वितळवण्याच्या वेळी पंखा मुद्दाम बंद असतो.

बर्फ कुठे आहे ते न बघणं

सगळ्यात जास्त वेळ या गोष्टीला द्या, कारण खरं निदान इथे होतं.

सिंगल डोअरमध्ये बर्फाचा थर बोटाच्या पेराएवढा जाड व्हायच्या आत डिफ्रॉस्टचं बटण दाबायला हवं. जाड थर थंडी अडवतो, वाढवत नाही. आणि तो सुरीने किंवा उलथन्याने खरवडू नका. त्या पातळ ॲल्युमिनियमच्या आतच गॅसच्या वाटा असतात. एक टोचा आणि फ्रीझर निकामी. गॅस खरोखर ‘जातो’ तो पुष्कळदा असा. कोमट पाण्याचं भांडं आत ठेवा, दार उघडं ठेवा, धीर धरा.

फ्रॉस्ट फ्रीमध्ये बर्फ दिसत नाही, तो मागच्या पॅनेलआड कॉइलवर, म्हणजे गार होणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यावर असतो. दिवसातून काही वेळा हीटर तो वितळवतो. हीटर, त्याचा सेन्सर किंवा टायमर बिघडला की कॉइल बर्फाने बुजते आणि पंख्याचा वारा अडतो. लक्षण ओळखीचं आहे: आधी खालचा कप्पा गरम पडतो, दूध नासतं, वर मात्र अजून थोडं गार असतं. काही दिवसांनी वरही ढिलं. याला गॅस भरून काहीही होत नाही.

घरच्या घरी करायची चाचणी: सामान काढा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवून पूर्ण २४ तास थांबा, खाली जुनी फडकी पसरा. दोन-तीन तासांत बाहेरून कोरडा दिसला तरी आत बर्फ शिल्लक असतो. नंतर चालू केल्यावर फ्रीज आठवडाभर मस्त चालला आणि पुन्हा तसाच झाला, तर दोष डिफ्रॉस्टच्या भागात आहे. तो भाग बदलणं गॅसच्या कामापेक्षा बहुधा स्वस्त पडतं.

मेकॅनिक आला की प्लग काढून त्याला मागचं पॅनेल उघडायला सांगा आणि स्वतः बघा. संपूर्ण कॉइल पांढऱ्या जाड बर्फात गाडलेली: डिफ्रॉस्टचा बिघाड. कॉइलवर सगळीकडे सारखी पातळ पांढरी साय, पण हवा येत नाही: पंखा. बर्फ फक्त सुरुवातीच्या एका कोपऱ्यात, बाकी कॉइल कोरडी आणि कॉम्प्रेसर अखंड चालू: आता गॅस कमी असल्याचा किंवा नळी तुंबल्याचा संशय घ्यायला जागा आहे. कॉइल पूर्ण कोरडी आणि मागून दर काही मिनिटांनी ‘कट्’ असा आवाज: कॉम्प्रेसर सुरूच होत नाहीये, रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा भाग) किंवा व्होल्टेज बघा.

व्होल्टेजचं थोडक्यात. फ्रीज एक्स्टेन्शन बोर्डावर, मिक्सरच्या जोडीला लावू नका. देखभालीसाठी गुरुवारी वीज गेली आणि परत आली की जुना कॉम्प्रेसर लगेच उचलत नाही, आतला दाब सारखा व्हायला चार-पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ थांबून प्लग लावा.

मधल्या काळात अन्नाचं काय

वीज गेल्यावर दार उघडून ‘बघू तरी’ म्हणणं टाळा. खच्चून भरलेला स्वतंत्र डीप फ्रीझर दार बंद ठेवल्यास साधारण ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४. सिंगल डोअरच्या खोकीकडून एवढी अपेक्षा धरू नका. ज्यात अजून बर्फाचे कण आहेत ते पुन्हा गोठवता येतं, चव थोडी जाईल. मासे, मटण, दुधाचे पदार्थ ४ अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिले असतील तर टाकून द्या, वासावर भरवसा ठेवू नका. वितळलेलं आइस्क्रीम पुन्हा गोठवू नका.

गणपतीला गावी जाताना फ्रीझरमध्ये पेलाभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं बर्फाच्या आत खोल गेलेलं दिसलं तर मागे फ्रीझर वितळून पुन्हा गोठला होता.

गॅस भरायचाच असेल तर

पाटीवर गॅसचं नाव आणि वजन लिहिलेलं असतं. नव्या फ्रीजमध्ये बहुतेक ‘आर ६००ए’ असतो. तो आयसोब्युटेन, म्हणजे ज्वलनशील. स्वयंपाकघरात शेगडी चालू ठेवून हे काम होऊ देऊ नका, खिडक्या उघडा. आधी गळती शोधून बुजवली का, फिल्टर बदलला का, व्हॅक्यूम पंप लावला का, हे विचारा. गॅस अंदाजाने नाही, वजनकाट्यावर मोजून भरायला सांगा, कारण काही ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी फ्रीझर पुन्हा उणे १८ गाठत नाही. बिलावर गॅसचं नाव, ग्रॅम आणि गळती कुठे सापडली ते लिहून घ्या, आणि काम झाल्यावर थर्मामीटर पुन्हा दोन पाकिटांच्या मधे ठेवून दुसऱ्या दिवशीचा आकडा मेकॅनिकला कळवा.