मेकफाइल करून या, पण डॉट फोनी लिहून

रविवारी बेळगावच्या टिळकवाडीत फाउंड्रीवर, म्हणजे इथेरियम ब्लॉकचेनवरचे कॉन्ट्रॅक्ट (करारासारखे चालणारे प्रोग्रॅम) लिहायच्या-तपासायच्या साधनावर, काम करायला निपाणी-खानापूरहून जे येणार आहेत, त्यांनी एवढं घरूनच करून या. लॅपटॉप, चार्जर सांगायला नको.

कॉन्ट्रॅक्ट चढवायची फोर्ज स्क्रिप्टची ती लांबलचक ओळ, आरपीसीचा (नेटवर्कशी जोडणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता, ब्रॉडकास्ट, व्हेरिफाय, हे रोज हातानं टाइप करताना काहीतरी गळतंच. ब्रॉडकास्ट गळलं तर कॉन्ट्रॅक्ट चढत नाही, नुसती रंगीत तालीम होते. म्हणून प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरात मेकफाइल (लांब कमांडना छोटी नावं देणारी, मेक हे साधन वाचतं ती फाइल) करा आणि तिची पहिलीच ओळ डॉट फोनीची लिहा. पी-एच-ओ-एन-वाय, सगळी अक्षरं कॅपिटल, मग कोलन, पुढं तुमच्या सगळ्या छोट्या कमांडची नावं.

ही ओळ मी मागच्या वेळी विसरलो. मेक हे 1976 सालचं साधन, फायली तयार करण्यासाठी बनलेलं. तुम्ही दिलेलं नाव ते फाइलचंच समजतं; ही नावं फायलींची नाहीत, हे त्याला डॉट फोनी सांगते. फाउंड्रीच्या प्रोजेक्टात टेस्ट नावाचं फोल्डर आधीपासून असतं, म्हणून ‘मेक टेस्ट’ म्हटलं की ते ‘टेस्ट इज अप टू डेट’ सांगून गप्प बसतं. एकही टेस्ट चालत नाही! मला वाटलं सगळं पास. भिशीचं कॉन्ट्रॅक्ट सेपोलिया या चाचणी नेटवर्कवर चढवलं, आणि एकच सभासद दोनदा रक्कम उचलू शकत होता. चढलेला कोड बदलता येत नाही. नवा पत्ता, पुन्हा सगळ्यांना कळवा. डॉट फोनी असती तर टेस्ट घरीच फेल झाली असती.

कमांडच्या ओळीआधी टॅब द्या. स्पेस दिलेत तर ‘मिसिंग सेपरेटर’ येईल. व्हेरिएबलच्या नावाला कंस हवाच, नाहीतर मेक डॉलरनंतरचं एकच अक्षर नाव म्हणून धरतं. प्रायव्हेट की (खात्याची गुप्त किल्ली) मेकफाइलमध्ये घालू नका, कारण मेक प्रत्येक कमांड चालवण्याआधी स्क्रीनवर छापतं. ‘कास्ट वॉलेट इम्पोर्ट’ करून की कुलूपबंद ठेवा आणि फक्त खात्याचं नाव वापरा. डॉट एन्व्ह ही गुप्त माहितीची फाइल गिटइग्नोरमध्ये (गिटनं न उचलायच्या फायलींच्या यादीत) आहे का बघा.

अँव्हिल (आपल्याच लॅपटॉपवरची सरावाची चेन) 8545 पोर्टवर. सेपोलियाचा चेन आयडी 11155111. बाकी इथं बघू.

डॉट फोनी लिहिली ना? मग निघण्याआधी एक टेस्ट मुद्दाम मोडा आणि ‘मेक टेस्ट’ चालवा. लाल अक्षरात फेल दिसलं तरच बस धरा.