नॉरईस्टर येतोय? नुसते इंच मोजत बसू नका: ब्लिझर्डच्या तयारीत या चुका टाळा

अमेरिकेच्या ईस्ट कोस्टला मोठा नॉरईस्टर (किनाऱ्यालगत येणारं, ईशान्येच्या वाऱ्याचं वादळ) येणार अशी कुणकुण लागली की ग्रुपवर पहिला फॉरवर्ड येतो तो रंगीत नकाशाचा, त्यात बॉस्टनवर जांभळा डाग, खाली ३० इंच वगैरे लिहिलेलं, आणि मग दोन दिवस सगळे त्या ३० वरच बोलत बसतात. खरं सांगायचं तर इंच हा या वादळातला सगळ्यात बेभरवशाचा आकडा. नॅशनल वेदर सर्व्हिस, म्हणजे इथलं सरकारी हवामान खातं, ब्लिझर्ड कशाला म्हणतं ते बघा, त्यात इंचांची अटच नाहीये. वारा किंवा सारखे येणारे झोत ताशी ३५ मैल किंवा जास्त, उडणाऱ्या बर्फामुळे पाव मैलाच्या आतलंच दिसणं, आणि हे निदान ३ तास चालणं, बस. म्हणजे ८ इंच पडूनही ब्लिझर्ड होऊ शकतं आणि २० इंच शांतपणे पडले तर नाहीही होत.

आठवडाभर आधीचा नकाशा खरा मानणं

ही चूक सगळेच करतात. आठवडाभर आधी ते वादळ तयारच झालेलं नसतं, ज्यातून ते होणार ती वरच्या हवेतली लाट अजून पॅसिफिकवर कुठेतरी असते, तिथे मोजमापं कमी, त्यामुळे अंदाजाचं कॉम्प्युटर मॉडेल एका रनमध्ये (एका वेळच्या गणितात) ३० इंच दाखवतं आणि पुढच्या रनमध्ये वादळ समुद्रात गायब. एका रनवर जाऊ नका, ४-५ रन एकाच दिशेने सांगतायत का, आणि युरोपियन आणि अमेरिकन मॉडेलचं जुळतंय का ते बघा.

खरा खेळ ट्रॅकचा, म्हणजे वादळाच्या वाटेचा आहे. मॅसॅच्युसेट्सच्या नॅन्टकेट बेटाच्या दक्षिणेला, ४० अंश उत्तर आणि ७० अंश पश्चिम, हा एक बिंदू इथले फोरकास्टर डोळ्यात तेल घालून बघतात. लो प्रेशरचं, म्हणजे वादळाचं, केंद्र त्याच्या आसपासून गेलं तर दक्षिण न्यू इंग्लंडला (बॉस्टनच्या आसपासच्या राज्यांना) भरपूर स्नो, किनाऱ्याच्या जास्त जवळून गेलं तर किनाऱ्यावर पाऊस आणि आतल्या भागात स्नो, आणि बाहेरून गेलं तर नुसता वारा. ४०-५० मैलांचा फरक, तेवढ्यात सगळं बदलतं. जानेवारी २०१५ ला न्यू यॉर्कला २ फूट किंवा जास्त सांगितलं होतं, सबवेसुद्धा बंद ठेवली, आणि सेंट्रल पार्कात पडले ९.८ इंच. लोकांनी भरपूर टिंगल केली, न्यू जर्सीच्या बाजूच्या एका फोरकास्टरने तर जाहीर माफी मागितली. पण त्याच वादळात बॉस्टनला २४.६ आणि वूस्टरला ३४.५ इंच पडले, म्हणजे वादळ फुसकं नव्हतंच, जरा पूर्वेला सरकलं एवढंच.

मग बघायचं काय? वेदर सर्व्हिसची लोकल ऑफिसं वादळाआधी एकाच्या जागी तीन नकाशे देतात, अपेक्षित, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. तिन्ही बघा. आणि फोरकास्टरने स्वतः लिहिलेलं फोरकास्ट डिस्कशन असतं ते वाचा, भाषा जरा टेक्निकल असते पण आपल्याला कशाची खात्री नाही हे ते त्यात सरळ लिहितात, जे फोनवरचं ॲप कधीच सांगत नाही.

"आमच्याकडे सहाच इंच आहे, काही होत नाही"

होतं. जानेवारीतही समुद्र हवेपेक्षा बराच उबदार असतो आणि ईशान्येचा वारा ती ऊब आत आणतो, म्हणून केप कॉड, लाँग आयलंडचा दक्षिण किनारा, जर्सी शोअर इथे स्नोचा मध्येच पाऊस होतो नाहीतर ओला जड स्नो पडतो. बरीच ॲप्स १ इंच पाण्याचे सरसकट १० इंच स्नो धरतात, प्रत्यक्षात किनाऱ्यावर ५-६ होतात आणि आत थंडीत १५-२०. इंच कमी दिसले तरी वजन तेवढंच असतं, ते फांद्यांना आणि वायरींना चिकटतं, वरून ५० मैलांचे झोत, गेली लाईट.

भरतीची वेळ न बघणं

किनाऱ्यावर राहून लोक हे कसं विसरतात कळत नाही. फेब्रुवारी १९७८ च्या वादळात बॉस्टनला २७.१ इंच पडले हे सगळ्यांना पाठ असतं, पण ते वादळ अमावास्येच्या मोठ्या भरतीच्या दिवसांत आलं आणि एकामागून एक भरत्या होईपर्यंत हललंच नाही, त्यात किनाऱ्यावरची घरं गेली. ४ जानेवारी २०१८ ला बॉस्टनला स्नो फूटभराहून थोडाच जास्त, पण भरतीचं पाणी विक्रमी, रस्त्यांवर कचऱ्याचे डंपस्टर तरंगत होते. त्यामुळे स्नोच्या वॉर्निंगसोबत कोस्टल फ्लड वॉर्निंग आहे का आणि वाऱ्याचा जोर भरतीच्या वेळेलाच येतोय का हे बघा, आणि गाडी सखल पार्किंगमधून आधीच उंचावर हलवा. नंतर ते खारं पाणी चाकाभोवती गोठतं.

स्नो सुरू झाल्यावर निघू म्हणणं

वेदर सर्व्हिसचे इशारे दोन प्रकारचे, वॉच म्हणजे शक्यता आहे, तयारी करा. वॉर्निंग म्हणजे येतोय किंवा आलाच. वॉर्निंगमध्ये दुपारी २ ला सुरू होणार लिहिलं असेल तर २ ला ऑफिसातून निघून उपयोग नाही. तासाला २ इंच पडायला लागले की प्लाऊसुद्धा (रस्त्यावरचा बर्फ ढकलणारे ट्रक) पुरे पडत नाहीत, १९७८ ला बॉस्टनच्या रूट १२८ वर ३००० च्या वर गाड्या अशाच अडकल्या.

फर्नेस (घर गरम ठेवणारं यंत्र) बिघडला समजून मेकॅनिक शोधत बसणं

बऱ्याच घरांच्या बाजूच्या भिंतीतून, जमिनीपासून थोड्याच उंचीवर, दोन पांढरे प्लास्टिकचे पाईप बाहेर आलेले असतात, एक हवा आत घेतो, एक धूर बाहेर टाकतो. वाऱ्याने स्नोचा ढीग तिथेच साचला की ते बुजतात, फर्नेस सुरू होतो आणि थोड्या वेळात आपोआप बंद पडतो. आधी बाहेर जाऊन ते पाईप हाताने मोकळे करा, फावड्याने नको, फुटतात. कार्बन मोनॉक्साईडचा (धुरातल्या, वास नसलेल्या विषारी वायूचा) अलार्म वाजला तर मात्र आधी सगळे घराबाहेर, मग ९११, खिडकी उघडून आतच थांबायचं नाही.

गाडीचंही तेच. जानेवारी २०१६ च्या वादळात न्यू जर्सीतल्या पसेइकमध्ये बाबा गाडीभोवतीचा स्नो काढत होते, आई आणि मुलं ऊब म्हणून चालू गाडीत बसली, एक्झॉस्टचा पाईप बर्फाखाली होता, तोच विषारी वायू गाडीत भरला आणि ती गेली. म्हणून आधी तो पाईप उकरा, मग इंजिन सुरू. जनरेटर घरापासून निदान २० फूट लांब, गॅरेजचं दार उघडं ठेवलंय हे चालत नाही.

लाईट गेल्यावर फ्रिज सारखा उघडू नका, बंद राहिला तर ४ तास टिकतो, भरलेला फ्रीझर ४८ तास. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला १ गॅलन धरा.

सगळं थांबल्यावर एकदम शोव्हल करणं (फावड्याने स्नो काढणं)

२० इंच एकदम उचलायला जाऊ नका, दर ४-५ इंचांनी एक हात मारा, आणि उचलण्यापेक्षा ढकला. दर वादळात शोव्हल करताना हार्ट अटॅक येतात, छातीत दुखलं की फावडं तिथेच टाकून आत या. साधं मीठ १५ अंश फॅरनहाइटच्या खाली फारसं काम करत नाही, त्यासाठी कॅल्शियम क्लोराईडवालं आणा. जवळ हायड्रंट (आग विझवायचा पाण्याचा नळ) असेल तर तोही मोकळा करा.

आणि प्लाऊ जाताना ड्राईव्हवेच्या तोंडाशी जी भिंत घालून जातो त्यावर एक उपाय आहे. रस्त्याकडे तोंड करून उभे राहा आणि ड्राईव्हवेच्या डाव्या हाताला रस्त्याकडेचा १०-१५ फुटांचा पट्टा साफ करा, प्लाऊ तिकडूनच येतो, त्याच्या पात्यावरचा बराचसा स्नो त्या रिकाम्या जागेत पडतो आणि तुमच्या तोंडाशी कमी येतो. उकरलेला स्नो मात्र उजव्या बाजूला टाका, डावीकडे टाकलात तर प्लाऊ तोच परत आणून देईल.