आई-बाबांना गलीनाला नेण्याआधी

शिकागोहून निघायचं असेल तर आधी गाडीची सोय करा, कारण इलिनॉय राज्यातल्या गलीना या जुन्या गावापर्यंत प्रवासी रेल्वे नाही आणि रस्त्याने तीन तास लागतात. ऑक्टोबरात पानं रंगतात तेव्हा शनिवार-रविवारी फार गर्दी होते. तेव्हा जायचं असेल तर खोली बरीच आधी धरून ठेवा. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांचं घर कोणत्या दिवशी उघडं असतं, तेही निघायच्या आधी बघून घ्या. दारापर्यंत जाऊन परत फिरायला लागलं तर जीव हळहळतो.

बूट मात्र चांगले हवेत, चपला नकोत. गाव डोंगर-उतारावर आहे. मेन स्ट्रीट खाली, वस्ती वर, आणि मधे पायऱ्याच पायऱ्या. 1860 साली वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करायला आलेले युलिसिस ग्रँट वरच्या हाय स्ट्रीटवर भाड्याने राहत आणि दुकानासाठी खाली उतरत. पुढच्याच वर्षी ते अमेरिकेच्या यादवी युद्धावर गेले. 1865 साली सेनापती होऊन परतले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना विटांचं एक घर भेट दिलं. आजही ते घर त्यांच्याच सामानासह जपलेलं आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना गाडीने वर न्या. बाकीच्यांनी पायऱ्या चुकवू नयेत.

मुलांना गाडीतच गावातल्या नदीची गोष्ट सांगून ठेवा, नाहीतर त्यांना नुसती जुनी दुकानं दिसतील. गलीना हे शिशाच्या खनिजाचं नाव. मेस्क्वाकी आणि सॉक हे मूळनिवासी लोक इथे आधीपासून शिसं काढत होते. 1820च्या दशकात खाणवाल्यांची झुंबड उडाली, आगबोटी थेट गावात येऊ लागल्या. खाणींसाठी आणि भट्ट्यांसाठी जंगल तुटलं, माती वाहून आली, नदी गाळाने भरली. मग रेल्वे आली आणि व्यापार दुसरीकडे गेला. नवं बांधायला पैसा उरला नाही, म्हणून जुनं तसंच राहिलं. डीसोटो हाउस हे 1855चं हॉटेल पाच मजली होतं. 1880 साली वरचे दोन मजले उतरवले. त्याच्या सज्जातून 1856 साली लिंकन बोलले होते. समोर उभं राहून मजले मोजायला लावा, गावाची उतरती कळा मुलांना तिथेच समजेल.

डब्यात दशम्या आणि चटणी असू द्या, शाकाहारी माणसाला आधार होतो. आई-बाबांना एक गोष्ट आवर्जून सांगा: राष्ट्राध्यक्षपद सोडल्यावर ग्रँट जगप्रवासाला निघाले आणि फेब्रुवारी 1879 मध्ये मुंबईत उतरले, मलबार पॉइंटला राहिले. त्याच वर्षाच्या शेवटी ते गलीनाला परतले. माझ्या बाबांना हे सांगितल्यावर ते त्या घरात अर्धा तास जास्त रेंगाळले.

शेवटी, तिथून पत्रं टाकायला घरच्या माणसांचे पत्ते पिनकोडसह लिहून न्या. 1850च्या दशकातली दगडी पोस्टाची इमारत बघाच. तिच्या बांधकामावर देखरेख करायला सेनेका या मूळनिवासी जमातीचे एली पार्कर आले होते. ग्रँटशी त्यांची ओळख याच गावात झाली, आणि 1865 साली दक्षिणेचे सेनापती ली ग्रँटना शरण आले, तेव्हा शरणागतीच्या अटींची पक्की प्रत पार्कर यांच्याच हाताने लिहिली गेली. रविवारी पोस्ट बंद असतं, म्हणून पत्रं शुक्रवारीच टाका.