सॅलमँडर आणि व्होल: तुलना करायची तर अशी करा

नाशिकहून सुट्टीत केदारनाथ-तुंगनाथ नाहीतर दार्जिलिंग करणारे ढीगभर लोक आहेत, त्यातल्या ज्यांना प्राणी बघायची आवड आहे त्यांच्यासाठी लिहितोय. दार्जिलिंगच्या डोंगरात हिमालयन सॅलमँडर आहे आणि तुंगनाथच्या दगडांत रॉयल्स माउंटन व्होल, आणि या दोघांची तुलना 'एक पालीसारखा, एक उंदरासारखा' एवढ्यावर सोडू नका प्लीज, त्यातून काहीच हाती लागत नाही.

आधी ओळख पक्की करा. सॅलमँडर म्हणजे पाल नाही, तो बेडकांच्या नात्यातला, अंगावर खवले नाहीत, नख्या नाहीत, पुढच्या पायाला चारच बोटं (पालीला पाच), पाठीच्या दोन्ही बाजूंना गाठींची रांग. आपल्या सह्याद्रीत सॅलमँडर नाहीच, त्यामुळे नजरेला सवय नसते. व्होलचा घोळ वेगळा, तुंगनाथला पिका (सशाच्या नात्यातला, उंदरासारखा दिसणारा छोटा प्राणी) सुद्धा दिसतो आणि तोही रॉयल्स पिकाच, दोघांना जॉन फोर्ब्स रॉयल या वनस्पतीतज्ज्ञाचं नाव दिलंय. शेपूट बघायची. पिकाची बाहेरून दिसतच नाही, व्होलला असते पण घरातल्या उंदराइतकी लांब नाही, आणि नाक बोथट.

आता खरी तुलना, ती मी एकाच प्रश्नावर करतो: हा थंडी कशी काढतो? सॅलमँडर थंड रक्ताचा, हिवाळाभर दगडा-ओंडक्याखाली पडून राहतो आणि पाऊस लागला की अंडी घालायला तळ्यावर येतो, पिल्लं सुरुवातीला कल्ल्यांनी श्वास घेतात. म्हणजे त्याला जंगलही हवं आणि तळंही, तळं बुजवलं की पुढची पिढीच नाही. व्होल गरम रक्ताचा, गवत-पाला खाणारा, व्होल मंडळी हिवाळ्यात झोपत नाहीत, बर्फाचा थर हीच त्यांची गोधडी. पण हा राहतो झाडं संपतात त्याच्याही वर, तुंगनाथच जवळपास 3,680 मीटरवर आहे, हवा तापत गेली तर अजून वर सरकायला डोंगर कुठून आणणार?

मे महिन्यात दार्जिलिंगला गेलात तर सॅलमँडरची फार आशा धरू नका, पावसाळ्यात तिथल्या लाटपांचर गावाजवळच्या नामथिंग पोखरी या तळ्यावर चान्स जास्त. व्होलसाठी सप्टेंबर-ऑक्टोबर बरा, दगडांच्या राशीजवळ न बोलता बसायचं, बिस्किटं टाकायची नाहीत. सॅलमँडरला हात तर अजिबात लावू नका, त्याची कातडी ओली आणि शोषून घेणारी असते, आपल्या हाताचं सनस्क्रीन, डासांचं क्रीम थेट त्याच्या अंगात जातं.