शेअर घेऊन ठेवायचे, तर चवथीनंतर एकदा वही उघडायची

बाबा गेल्यावर फोंड्याच्या घरातलं कपाट आवरताना साडीच्या खोक्यात चार शेअर सर्टिफिकेटं सापडली. कडा पिवळ्या पडलेल्या, टाचणीचा गंज कागदावर उतरलेला. 1994 साली घेतलेले शेअर बाबांनी कधी विकले नाहीत. पण साखळीहून घर हलवताना पत्ता बदलायचा राहिला आणि लाभांश जुन्या पत्त्यावर जात राहिला. सलग सात वर्षं तो कुणी घेतला नाही, की नियमाप्रमाणे शेअरच सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत वर्ग होतात. आमचे तसेच गेले.

तरीही शेअर वर्षानुवर्षं ठेवावेत, असंच माझं मत आहे. मात्र ठेवणं हेही एक काम आहे.

पैसा कुठला लावायचा

पुढची सात-आठ वर्षं ज्याला हात लावावा लागणार नाही, तेवढाच. पगारदारांनी सहा महिन्यांचा घरखर्च आधी बँकेत ठेवावा. ज्यांचं पोट पर्यटनाच्या सीझनवर आहे, त्यांनी वर्षाचा. नाहीतर ऐन पावसात, बाजार पडलेला असतानाच शेअर विकायची पाळी येते.

थांबण्याचा फायदा आकड्यांत बघा. एक लाख रुपये दरवर्षी 12 टक्क्यांनी वाढले असं धरलं (हमी कुणीच देत नाही), तर दहा वर्षांत 3.11 लाख होतात आणि वीस वर्षांत 9.65 लाख. दुसऱ्या दहा वर्षांची वाढ पहिल्या दहांच्या तिपटीहून जास्त. मधे विकलं नाही तर दलाली वाचते, कर पुढे ढकलला जातो.

काय घ्यायचं

नवख्याने निफ्टी 50 च्या, म्हणजे देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या यादीच्या, इंडेक्स फंडापासून सुरुवात करावी; हा फंड त्या यादीतले सगळे शेअर घेतो. ती यादीसुद्धा दर सहा महिन्यांनी तपासली जाते, मागे पडलेल्या कंपन्या बाहेर जातात. मग हळूहळू आपल्याला धंदा कळतो अशा दहा-बारा कंपन्या.

इथे गोंयकारांना एक गोष्ट कळकळीने सांगतो. घर ज्या धंद्यावर चालतं, त्याच धंद्याचे शेअर घेऊ नका. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. डिचोली-साखळीकडे ज्यांच्या दारात खाणीचा ट्रक होता, त्यांच्याकडे सेसा गोवाचे शेअरही असतील तर दोन्ही एकाच दिवशी अडकले. मार्च 2018 मध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या. हॉटेलात नोकरी करणाऱ्याने हॉटेलांचे शेअर घेण्यातही हाच धोका आहे.

वही

प्रत्येक शेअर घेताना तो का घेतला ते दोन ओळींत लिहून ठेवा. कंपन्यांच्या वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत होतात, म्हणजे वार्षिक अहवाल साधारण चवथीच्या, गणेशचतुर्थीच्या, सुमारास येऊन पडलेले असतात. गणपतीवरची फळा-पानांची माटोळी उतरली, पाहुणे गेले, की एक रविवार त्यासाठी द्या. कर्ज वाढतंय का? नफा दिसतो, पण धंद्यातून रोख पैसा येतोय का? प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकांनी, आपले शेअर गहाण ठेवलेत का? ऑडिटर मधेच सोडून गेला का?

घेतानाचं कारण शाबूत असेल तर भाव कितीही पडो, ठेवा. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्सने 21,000 ओलांडला होता, मार्च 2009 मध्ये तो 8,000 च्या घरात होता, आणि नोव्हेंबर 2010 मध्ये पुन्हा 21,000 वर. पण निर्देशांक वर आला म्हणजे त्यातली प्रत्येक कंपनी वर येते असं नाही. त्याच जानेवारीत रिलायन्स कम्युनिकेशन्सचा भाव 800 रुपयांच्या आसपास होता. 2019 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. “कधीतरी वर येईल” म्हणून धरून बसलेल्यांचे पैसे बुडाले. वहीतलं कारण संपलं असेल तर तोटा सोसून बाहेर पडा. हे जड जातं, पण करावंच लागतं.

कर

वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअरवर वर्षाला सव्वा लाखावरच्या नफ्यावर 12.5 टक्के, त्याआधी विकल्यास 20 टक्के. हे दर 23 जुलै 2024 पासूनचे. गोव्याच्या नागरी कायद्याखाली संपत्ती सामाईक असलेल्या जोडप्याचं पगाराव्यतिरिक्तचं उत्पन्न पती-पत्नीत निम्मं-निम्मं दाखवायचं असतं. शेअरचा नफाही त्यात येतो. विवरणपत्रातलं शेड्यूल 5ए भरायला विसरू नका.

कागदपत्रं

घरात जुनी सर्टिफिकेटं असतील तर आजच डिमॅट करायला, म्हणजे कागदी शेअर खात्यातल्या संगणकीय नोंदीत बदलून घ्यायला, घ्या. एप्रिल 2019 पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. पत्ता, मोबाइल, बँक खातं चालू ठेवा. नॉमिनी लावा, पण नॉमिनी म्हणजे मालक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केलंय. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर आपल्याकडे निम्मा वाटा जोडीदाराचा असतोच, बाकीचा वारसांत जातो.

आईने त्या चार सर्टिफिकेटांसाठी थरथरत्या हाताने किती कागदांवर सह्या केल्या, ते मी शेजारी बसून पाहिलंय. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आता डिमॅट क्रमांक, ब्रोकरचं नाव आणि बँक खातं लिहिलेलं आहे. वही देवघराच्या खालच्या खणात असते, आणि ते बायकोला व मुलीला, दोघींनाही ठाऊक आहे.