ली-एनफिल्ड घेताना कोणता नमुना निवडावा

'थ्री-नॉट-थ्री' या नावाने आपल्याकडे ओळखली जाणारी ली-एनफिल्ड रायफल १९६१ च्या डिसेंबरात गोव्यात आलेल्या भारतीय पायदळाच्या खांद्यावर होती, आणि त्यामुळे तिच्याविषयी गोमंतकीयांना आजही जिव्हाळा वाटतो. परंतु शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार .३०३ आणि ७.६२ मि.मी. हे बोअर (नळीच्या छिद्राचे माप) प्रतिबंधित वर्गात येतात, त्यामुळे साध्या परवान्यावर ही रायफल भारतात घेता येत नाही. म्हणून पुढील विवेचन प्रामुख्याने ब्रिटन किंवा कॅनडात स्थायिक झालेल्या आणि तेथील नियमांनुसार शस्त्र बाळगणाऱ्या गोमंतकीयांसाठी आहे; गोव्यातच राहून याच घडणीची रायफल घेऊ इच्छिणाऱ्यांचा विचार शेवटी केला आहे.

ज्यांना इतिहासासाठी रायफल हवी आहे, त्यांनी क्रमांक १, मार्क ३ किंवा मार्क ३ स्टार पाहावी (क्रमांक म्हणजे मूळ नमुना, मार्क आणि स्टार म्हणजे त्याच्या बदललेल्या आवृत्त्या). मार्क ३ सन १९०७ मध्ये स्वीकारली गेली. पहिल्या महायुद्धात उत्पादनाचा वेग वाढवण्यासाठी तिच्यातील काडतुसांची पेटी बंद ठेवणारी पट्टी आणि लांब पल्ल्याच्या सामूहिक गोळीबाराचे बाजूचे नेम काढून टाकण्यात आले आणि मार्क ३ स्टार तयार झाली. हे सुटे भाग मूळचे आणि जागेवर असतील तर किंमत अधिक मागितली जाते, पण नेमबाजीत त्यांचा काही लाभ नाही. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात घडलेली रायफल आपल्या सैन्याशी थेट नाते सांगते, हे खरे. मात्र पुढच्या लाकडावर तारेची घट्ट गुंडाळी असेल, तर ती हातबाँब फेकण्यासाठी वापरली गेली असण्याची शक्यता धरावी आणि सराव करण्यासाठी ती घेऊ नये. 'डीपी' ही खूण असलेली रायफल केवळ कवायतीची असते. तिच्यातून गोळी झाडणे धोक्याचे आहे.

ज्यांना मैदानावर नेम धरायचा आहे, त्यांच्यासाठी माझे मत स्पष्ट आहे: क्रमांक ४, मार्क २. क्रमांक ४ ची नळी अधिक जाड असते, आणि मागचा नेम नळीवर नसून डोळ्याजवळ, छिद्राच्या स्वरूपात असतो. त्यामुळे माशी (नळीच्या टोकाचा नेम) आणि मागचा नेम यांतील अंतर वाढते व नेमातील चूक कमी होते. याच क्रमांकाच्या मार्क १ मध्ये चाप हा लाकडाला बसवलेल्या चापरक्षकावर टेकलेला असतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात दरवाजे फुगतात तसे लाकूड ओलाव्याने फुगले की चापाची ओढ बदलते. मार्क २ मध्ये चाप थेट पोलादी चौकटीवर टांगलेला असल्यामुळे हा दोष राहत नाही. जुन्या रायफलींमध्ये हीच सुधारणा करून त्यांना मार्क १/२ आणि मार्क १/३ अशी नावे देण्यात आली, आणि त्याही निःशंकपणे घ्याव्यात. कॅनडातील लाँग ब्रँच आणि अमेरिकेतील सॅव्हेज कारखान्यांच्या मार्क १ स्टारमध्ये बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा सरकता दांडा) बाहेर काढण्यासाठी, तो ज्यावर सरकतो त्या उजव्या रुळात एक खाच असते. तिची कड तुटलेली नाही ना, हे उजेडात धरून आणि बोटाने चाचपून पाहावे, कारण ती झिजली की बोल्ट अवेळी वर उसळतो.

क्रमांक ५, अर्थात 'जंगल कार्बाइन', आखूड आणि हलकी असल्यामुळे आकर्षक वाटते, पण तिचा धक्का जोराचा असतो आणि तिचा नेम सरकतो अशी तक्रार सैन्यातूनच झाली होती. शिवाय क्रमांक ४ कापून केलेल्या बनावट प्रती बाजारात पुष्कळ आहेत. इशापूरची २अ आणि २अ१ ही मात्र वेगळी गोष्ट आहे: १९६० च्या दशकात ती ७.६२ मि.मी. काडतुसासाठी अधिक मजबूत पोलादात नव्याने घडवली गेली आणि तिच्या पेटीत १२ काडतुसे मावतात.

नमुना ठरल्यानंतर खरी परीक्षा प्रत्यक्ष रायफलीची असते, आणि खराब नळीच्या मार्क २ पेक्षा चांगल्या नळीची मार्क १ केव्हाही श्रेयस्कर. शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून बोल्ट काढावा, त्याच्या मुठीमागचा अनुक्रमांक चौकटीवरील अनुक्रमांकाशी जुळतो का ते पाहावे, आणि नळीतून उजेडाकडे बघावे. तळाशी काळपट ठिपके हे क्षारयुक्त जुन्या काडतुसांनंतर सफाई न केल्याचे चिन्ह असते. क्रमांक ४ मध्ये नळीचे टोक बोटांनी किंचित उचलावे; ती लाकडापासून थोडी सुटून सोडताच पुन्हा टेकली, तर लाकूड ठीक बसवलेले आहे. बोल्टचे डोके बंद स्थितीत काडतुसाला योग्य अंतर देते की नाही, हे मापकाने तपासण्याचे काम जाणकार कारागिरालाच सोपवावे.

गोव्यात राहणाऱ्यांसाठी पर्याय म्हणजे इशापूरचीच .३१५ स्पोर्टिंग रायफल. तिचा बोल्ट ली-एनफिल्डच्याच धर्तीचा आहे. तिच्यासाठी आपल्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, आणि शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच शस्त्रे ठेवता येतात. आपल्या हवेत तिला कातडी किंवा कापडी गवसणीत बंद करून ठेवू नये, कारण गवसणी ओलावा धरून ठेवते. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागू शकते. तेव्हा देण्यापूर्वी नळीत तेलाचा पातळ थर द्यावा, आणि परत आल्यावर नळीतून कोरडे फडके ओढून त्यावर गंजाची तांबूस छटा दिसते का, ते आधी पाहावे.